तिसरा ठक

तिसरा ‘ठक’ नारळाचा होता. मी तो गाडीचा धरला आणि बोल्ट आवळले.

माझी मेकॅनिकगिरी एवढ्यात संपते. काका मात्र एवढ्यात मावत नाहीत.

काका म्हणजे माझे घरमालक. पालघरहून सातपाटीला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची वाडी होती, नारळ, केळी आणि पानवेलींची. वाडीच्या मागच्या अंगाची खोली त्यांनी मला भाड्याने दिली होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी बोईसरच्या एका कारखान्यात, देखभाल विभागात नुकताच चिकटलो होतो. माणूस घाटावरचा, हातात डिप्लोमा, खिशाला टेस्टर. माझ्याकडे विजेचं काम नव्हतंच, पण टेस्टर लावला की माणूस जाणकार दिसतो हा माझा शोध होता. काकांना मी जाणकार वाटलो तो त्या टेस्टरमुळे. ते मला नावाने कधी बोलावत नसत. ‘काय डिप्लोमा’ म्हणत, आणि त्यातली थट्टा माझ्या फार उशिरा लक्षात आली.

काकांची मोटार पालघर तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं तेव्हा आलेल्या कुणा परदेशी इंजिनिअरची ती. साहेब मायदेशी गेला, गाडी इथेच राहिली आणि हात बदलत बदलत काकांच्या शेडमध्ये येऊन थांबली. रंग दुधी, लांबी छोट्या होडीइतकी. रुंद एवढी की समोरून एसटी आली तर दोघींपैकी एकीला शेतात उतरावं लागे. एसटीच उतरायची.

या गाडीला क्लच नव्हता. आणि काकांच्या डाव्या पायात गुडघ्याखाली जीव नव्हता. या दोन गोष्टी एकमेकींसाठीच जन्माला आल्यासारख्या होत्या. बाकी कुठल्याही मोटारीत डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो; इथे उजवा पाय असला की झालं. काका गाडीत बसले की दोन्ही हातांनी तो डावा पाय उचलून शेजारच्या सीटवर ठेवत आणि त्याच्यावर टॉवेल पांघरत. शेजारी कुणी पाहुणा बसवावा तसा. मग म्हणत, “चल बाये.” आणि ती निघे.

त्यांचा बराचसा दिवस त्या गाडीतच जाई. गाडी उभी असली तरी. दाढी ते गाडीत करत, कारण तिचा आरसा घरातल्या आरशापेक्षा मोठा होता. वर्तमानपत्र गाडीत वाचत. काकी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारत, “जेवणाचं पान तिकडंच आणू का?” हे रागाने विचारलेलं असे, पण काका सरळ “आण” म्हणत.

त्यांचा हॉर्न माणसांसाठी नव्हता. “माणसांना डोळे हायेत,” असं त्यांचं म्हणणं. कोंबड्या, साप, म्हशी आणि लग्नाची वरात, एवढ्यांसाठीच तो वाजे, आणि वाजला की थांबत नसे. रिव्हर्स गिअर त्यांनी कधी वापरला नाही. तो झिजेल म्हणून राखून ठेवला होता. गाडी वळवायची तर पुढे शिरगावपर्यंत जाऊन वळसा घालून येत, पण मागे म्हणून घेत नसत.

आणि भाडं. रस्त्यात जो हात दाखवील त्याला काका गाडीत घेत, पण भाडं घेतल्याशिवाय नाही. भाडं म्हणजे बातमी. आपल्या गावची एक ताजी बातमी सांगायची आणि बसायचं. बातमी शिळी निघाली तर काका पुढच्या वळणावर गाडी थांबवत आणि म्हणत, “उतर. ही आमाला परवाच कळली.” आणि खरंच उतरवत. एकदा त्यांनी एका सरकारी अधिकाऱ्याला भर उन्हात उतरवलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

भाड्याच्या बाबतीत सगळ्यात पक्की गिऱ्हाईक होती सातपाटीची तांडेलीण. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवरचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. ती पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसायची. परतताना रिकामी पाटी मागच्या सीटवर आदळून ती जी सुरू व्हायची, ती सातपाटी येईपर्यंत तिच्याकडच्या बातम्या संपायच्या नाहीत. त्या मागच्या सीटला बोंबलाचा वास कायमचा बसला होता. मला ती टेस्टरवाला म्हणायची. “ए टेस्टरवाल्या, तो दांडा काडून कानात घालतोस का नाय कदी?” ही आमची पहिली ओळख.

तिच्या तोंडाला काका सोडून सगळे भीत. काकांना ती “भाऊ” म्हणे आणि त्यांच्याशी बोलताना तिचा आवाज थोडा उतरे. त्याचं कारण मला काकींकडून कळलं.

तरुणपणी काका हौसेने तांडेलाच्या बोटीवर जात. अशाच एका फेरीत जाळं ओढताना दोराचा वेढा काकांच्या पायाला पडला. दोर तांडेलाच्या हातात होता. त्याने सोडला, पण उशिरा. त्यात कुणाची चूक नव्हती, असं काका म्हणत. तांडेल काहीच म्हणत नसे. तो दर नारळी पौर्णिमेला बैलगाडी घेऊन वाडीत यायचा, काकांना उचलून गाडीत बसवायचा, सातपाटीला न्यायचा. काकांच्या वाडीतला नारळ त्याच्या बोटीच्या नावाने समुद्राला द्यायचा, असा दोघांचा नेम होता.

“तो न्यायला यायचा ना,” काका मला एकदा म्हणाले, “तर माझ्याशी बोलताना माझ्याकडं बघायचा नाय. पायाकडं बघायचा. वरसानुवरसं. ही गाडी आली, मी माझा मी गेलो, खिडकीशी येऊन उभा राहिला. पाय दिसला नाय त्याला. तवा पैल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोलला.”

“काय बोलले?”

“म्हटला, म्हातारा झालास रे.”

हे सांगताना काका इतके खूश दिसत होते की मी उगाच टायरकडे बघत बसलो.

तर अशी ती गाडी आषाढात बसली. म्हणजे इंजिन चालू, घों घों आवाज, आणि गाडी जागची हलत नाही. गिअरबॉक्समधलं तांबडं तेल काळं पडलेलं, त्यात चकाकणारा चुरा. काकांनी ती बैलांकडून ओढवून बोईसरच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि विचारलं, “सेठ, इसका क्लच किधर है?” काका म्हणाले, नाही. तो म्हणाला, “तो लगा देते हैं ना! ट्रक का गिअरबॉक्स डालेंगे, एकदम फस्क्लास.” काकांनी शेजारच्या सीटवरचा टॉवेल उचलून त्याला पाय दाखवला. मेकॅनिक बिचारा ओशाळला. पण दुसरा उपाय त्याच्याकडे नव्हता. पालघरच्या गॅरेजवाल्याचंही तेच. क्लच लावा, ड्रायव्हर ठेवा.

काकीसुद्धा म्हणाल्या, “ठेवा की ड्रायव्हर. मागं बसा मोठ्या लोकांसारखं.”

काका जेवले नाहीत. श्रावणातली पौर्णिमा महिन्यावर आली होती.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प राहतो. मी म्हणालो, “काका, यात काय आहे? टॉर्क कन्व्हर्टर गेलाय. आपण घरीच बदलू.”

हा शब्द मी कारखान्याच्या ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात आदल्याच दिवशी वाचला होता. काकांना मी तो समजावून सांगितला: दोन घमेली तोंडाला तोंड लावून जोडावीत तशी ती वस्तू असते, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये. आत तेल आणि पाती. इंजिन एका बाजूची पाती फिरवतं, त्यांनी ढकललेलं तेल दुसऱ्या बाजूची पाती फिरवतं, आणि गाडी चालते. मधे कशाचा कशाला हात लागत नाही.

“म्हंजे आमच्या संसारासारखं,” काका म्हणाले. “ही आत बडबडते, मी भायेर हलतो.”

“हलता कुठं?” आतून आवाज आला. “बसून तर असता.”

त्या वस्तूला काकांनी लगेच ‘घागर’ नाव दिलं आणि कामाला उत्साह आला. मुंबईच्या भंगार बाजारात मला तशीच एक जुनी, पण धड घागर मिळाली. भंगारवाला म्हातारा होता. त्याने ती माझ्या हातात देताना माझं मनगट धरलं. “देखो, ये ऊपर-ऊपर से नहीं बैठता. घुमाते जाना, दबाते जाना. तीन बार अंदर गिरेगा. ठक, ठक, ठक. तीसरा ठक नहीं आया तो बोल्ट को हाथ नहीं लगाना. अंदर का पंप टूटेगा.” मी टेस्टर सावरत म्हणालो, “मालूम है.” माहीत नव्हतं. पानांच्या गोण्या उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत बसून घागरीला मिठी मारून मी वाडीत आलो.

गिअरबॉक्स खाली काढणं सोपं गेलं. तो सुटला की पडतोच. फक्त आपण खाली नसावं लागतं. पेंढ्याच्या गोण्यांवर तो पडला, मी थोडक्यात बाजूला होतो. चढवायला मात्र आम्ही युक्ती काढली. माडाच्या ओंडक्याची तरफ केली. एक टोक गिअरबॉक्सखाली, दुसरं शेडच्या बाहेर. त्या बाहेरच्या टोकावर काका बसणार. काका बसले की गिअरबॉक्स वर, काका उठले की खाली. पाऊस आला तर म्हणून त्यांना छत्री दिली. इतकं महत्त्वाचं काम आपल्याला पुष्कळ वर्षांनी मिळालं, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला, अगदी पाटी घेऊन निघालेल्या तांडेलिणीलाही, सांगत होते.

पण त्याआधी घागर बसवायची होती. मी गिअरबॉक्स उभा केला, वरून घागर ठेवली आणि फिरवत फिरवत दाबू लागलो. ठक. पहिला आला. घाम पुसला, पुन्हा फिरवली. ठक. दुसरा. तिसऱ्यासाठी मी पुष्कळ वेळ झगडलो. बोटं तेलाने बुळबुळीत झाली होती, पाठ भरून आली होती. शेवटी डोळे मिटून अंगाचा सगळा भार टाकला.

ठक!

असा सणसणीत, असा मोकळा आवाज की मी “आला!” म्हणून ओरडलोच. शेडच्या मागे कपडे धुण्याचा दगड होता. त्या दगडाच्या वर माड होता. पण घाटावरच्या माणसाला नारळ वाण्याच्या दुकानात भेटतो, तो वरून पडतो हे त्याच्या रक्तात नसतं.

काका तरफेवर बसले. गिअरबॉक्स वर गेला. इंजिनला टेकायला बोटभर फट राहिली. आता, कारखान्यात आम्ही पाण्याचे पंप जोडताना अशी फट रोज बघायचो. बोल्ट आळीपाळीने आवळत जायचं, फट आपोआप मिटते. मी आवळत गेलो. फट मिटत गेली. मग आतून कडाक् झालं.

“काय रे?” बाहेरून, छत्रीखालून, काकांनी विचारलं.

“बसला, काका.”

“लई मोठ्यानं बसला.”

तेल भरलं. काका गाडीत चढले. पाय उचलून सीटवर ठेवला, टॉवेल पांघरला, माझ्याकडे बघून एकदा हसले आणि किल्ली फिरवली. आतून पितळेची परात दगडावर घासल्यासारखा आवाज आला आणि गाडीखालून तांबडं तेल वाहू लागलं, शेडभर. काकांनी “चल बाये” म्हटलं. एकदा म्हटलं, मग हळू पुन्हा एकदा म्हटलं. ती हलली नाही. त्यांनी किल्ली बंद केली.

मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, “तू च्या घे जा. दमलास.” आणि स्वतः संध्याकाळपर्यंत गाडीतच बसून राहिले. काकींनी त्या दिवशी न विचारता ताट गाडीत नेऊन दिलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण बोईसरला जायची एसटी सकाळची होती.

ती गाडी पुढे चालली, हे आधीच सांगून टाकतो. त्याच भंगारवाल्या म्हाताऱ्याकडे पंप मिळाला, दिवाळीच्या सुमारास तो आणि घागर पुन्हा बसवली. त्या दिवशी काकांनी वाडीत संचारबंदी पुकारली. दगडावर कपडे आपटायचे नाहीत, कोयता चालवायचा नाही. प्रत्येक ठकला ते बाहेरून विचारत, “हा कुणाचा?” आणि मी शेडमधून ओरडत असे, “गाडीचा!” पण पौर्णिमा मधे आली होती, आणि पौर्णिमेला गाडी मेलेली होती.

त्या सकाळी मी शरमेने एकेक पर्याय पुढे करत होतो. एसटीने जाऊ. रिक्षा सांगू. तुमची बैलगाडी आहेच की.

“बैलगाडीत चढायला मला दोघं लागतात,” काका म्हणाले. “ह्यात मी एकटा चढतो.” आणि खरोखर एकटे चढून, नवं धोतर नेसून, पायावर धुतलेला टॉवेल घालून ते मेलेल्या गाडीत बसून राहिले.

काकी ओट्यावरून बघत होत्या. त्या आत गेल्या, बाहेर आल्या. म्हणाल्या, “बोईसरला बैलांनीच नेली होती ना? मग सातपाटीला न्यायला त्यांना काय झालं?”

काकांचं तोंड असं उजळलं की विचारू नका. “स्टिअरिंग माझ्या हातात,” ते म्हणाले. “बिरेक माझ्या पायात. मग गाडी कोण चालवतो?”

मी चाकांकडे जाणारा दांडा सोडवून दिला, म्हणजे गाडी मोकळी ढकलली जाईल. एवढं एक काम मी बरोबर केलं. गड्याने बैल जुंपले. निघताना काकी नारळ घेऊन आल्या. काकांनी निवडून ठेवलेला एक होताच, शेंदूर लावलेला, सुबक. तो त्यांनी बाजूला सारला.

“तो नको. त्या दिवशीचा आण. दगडावरचा.”

“ह्यो?” काकींनी एक चेपलेला नारळ दाखवला. “ह्याची सालटं निघालीत.”

“तोच. त्याचा आवाज खणखणीत हाय.”

मी सहज विचारलं, “हा कधी पडला?”

“तुमी घागरीला मिठी मारून बसला होतात ना शेडमदी, तवा,” काकी म्हणाल्या. “तुमी आतून ओरडलात पण. मला वाटलं, तुमालाच लागला.”

मी मनात ठक, ठक केलं, आणि तिसऱ्याशी येऊन थांबलो. काका समोर काचेतून रस्त्याकडे बघत होते.

मग आमची स्वारी निघाली. पुढे बैल, मागे होडीएवढी दुधी मोटार, आत ताठ बसलेले काका, आणि बाजूने चिखल तुडवत मी. पाऊस नव्हता तरी वायपर चालू होते. बॅटरी जिवंत होती, एवढं तरी दिसावं म्हणून. हॉर्न वाजवायचा नाही असं गड्याने आधीच बजावलं होतं, कारण बैल उधळले असते. वाटेत एक म्हैस आडवी आली तेव्हा काकांचा हात हॉर्नवर जाऊन थांबला. शिरगावच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. एसटी समोरून आली आणि सवयीने शेतात उतरली.

सातपाटीत बंदरावर माणसांची ही गर्दी. बोटी पताका लावून उभ्या. गर्दी फुटली, बैल आत शिरले, गाडी शिरली, आणि कोळीवाड्यातला सगळा गलका थांबून एकदम हशा पिकला. काकांनी ब्रेक लावला. अगदी डौलात.

तांडेल आला. उंच, काळा, पांढऱ्या मिश्या. तो आधी बैलांकडे बघत राहिला. मग खिडकीशी आला, वाकला आणि थेट काकांच्या तोंडाकडे बघून म्हणाला, “गाडीला पेंढा घालतोस का रे आता?”

“बघ की,” काका म्हणाले. “तुझी बोट वाऱ्यावर चालते, माझी बैलावर. पोचलो का नाय?”

“पोचलास.” तांडेलाने हात आत घालून काकांच्या खांद्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. चेपलेला नारळ काकांनी त्याच्या ओंजळीत दिला. तो पाण्याकडे गेला तेव्हा काका गाडीतूनच हात जोडून बसले होते.

निघताना तांडेलीण नारळीभाताचा डबा घेऊन आली आणि काकींसाठी म्हणून तिने तो मागच्या सीटवर ठेवला. मी चालून दमलो होतो. दार उघडून डब्याशेजारी बसायला लागलो.

“भाडं?” काकांनी आरशातून विचारलं.

आता सांगून टाकावं, असं मला वाटलं. म्हटलं, “काका, तो तिसरा ठक गाडीचा नव्हता. नारळाचा होता.”

आरशात काकांच्या मिश्या हलल्यासारख्या वाटल्या. पण तांडेलीण खिडकीतून आत वाकली.

“ही बातमी?” ती म्हणाली. “आठ दिस झाले, अख्खं सातपाटी त्याच्यावर हसतंय. शिळी हाय. उतर खाली, टेस्टरवाल्या, तेवडंच बैलांना हलकं.”